कंपनी घरी नाही

नवापूर, शहादा, नंदुरबार या तिन्ही कोर्टांच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर दवाखान्यात मला सलाईन लावलेली असताना, एक प्रश्न हमखास अहिराणीत विचारला जातो. "ताई, जागा कंपनीनी शे. भाडेकरू काढाले वकील लागस का?"

लागतो.

वार्षिक अंकासाठी अनुभव लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी ठरवलं, एकदा याचं उत्तर छापूनच टाकावं. म्हणजे निदान सलाईनच्या वेळी तरी मला शांतता मिळेल.

गोष्ट साधी आहे. घर तुमच्या स्वतःच्या नावावर असेल तर भाडेकरूविरुद्धचा दावा तुम्ही स्वतः चालवू शकता. शहाणपणाचं नाही, पण कायदा अडवत नाही. कंपनीचं तसं नसतं. कंपनी ही कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती आहे. तिला जागा घेता येते, विकता येते, दावा लावता येतो. तिला तोंड मात्र नसतं. तिचा संचालक तिच्या वतीने कागदावर सही करू शकतो, पिंजऱ्यात उभा राहून साक्ष देऊ शकतो. पण न्यायाधीशांपुढे तिची बाजू मांडायला वकीलच उभा राहावा लागतो. आणि त्याआधी संचालकांनी बसून, आपल्याला हा दावा लावायचा आहे, असा ठराव करावा लागतो.

ठरावावरून एक गंमत आठवते. शहाद्याकडचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. बसस्थानकाजवळचा गाळा कंपनीच्या नावावर, कंपनीत संचालक दोनच, ते आणि त्यांची बायको. गाळ्यातला भाडेकरू निघाला बायकोचा सख्खा भाऊ. मी म्हटलं, "दोघांच्या सह्यांचा ठराव आणा, मग बघू." ते गेले ते कितीतरी दिवसांनी बाजारात भेटले. मी विचारलं, "काय झालं ठरावाचं?" म्हणाले, "ताई, ठराव व्हयना नही. जेवण बंद व्हयनं." तो भाऊ अजून त्या गाळ्यात आहे. सुखी आहे.

असे लोक मला आवडतात. कायदा न कळणाऱ्याचा राग मला कधीच आला नाही, येणार कसा? मी रनाळ्याची. माझी आई नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर देठं खुडायला जायची. संध्याकाळी घरी आली की आम्हा भावंडांच्या तोंडाला हात लावायची नाही, कारण हाताची आग दुसऱ्याच्या डोळ्यांत जायची. आमच्या घरात कोर्टाचा कागद आलाच असता तर तो वाचणारं कुणी नव्हतं. शाळेत गुरुजींनी माझ्या तोंडातलं 'शे' काढून तिथे 'आहे' बसवलं, मला पुढे शिकवा म्हणून वडिलांच्या मागे लागले. त्यांची मी जन्माची ऋणी आहे. त्या 'आहे'वरच माझं पोट चालतं. तेव्हा अडाणीपणाला मी हसत नाही.

मला राग येतो तो सोयीपुरतं समजून घेणाऱ्यांचा. जबाबदारी आली की "जागा कंपनीची", आणि हक्क गाजवायचा झाला की "जागा माझी". एकाच तोंडाने, एकाच आठवड्यात. हे मी नवापूरच्या एका प्रकरणात अगदी जवळून पाहिलं.

एस्तरबाईंची नवापुरात पावभट्टी आहे. त्या मूळच्या गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या डोंगरातल्या गावच्या, घरची बोली तिथल्या आदिवासींची कोकणी. नवरा सुरतेला एका बेकरीत काम शिकला आणि परत येऊन त्याने भाड्याच्या जागेत स्वतःच्या हाताने विटामातीची भट्टी बांधली. आतून घुमटासारखी, लाकडावर तापणारी. तो गेला, भट्टी राहिली. ती एस्तरबाई चालवतात. शिवणयंत्र उचलून दुसऱ्या दुकानात नेता येतं, किराणा पोत्यात भरून नेता येतो. भट्टी नेता येत नाही. जागा गेली की भट्टी गेली, आणि भट्टी गेली की एस्तरबाईंच्या हातात काही उरत नाही. हे सगळं प्रकरण या एका गोष्टीचं होतं.

आमच्या भागात दिवाळीची नानकटाई घरी कुणी भाजत नाही. बाया रवा, मैदा, साखर, तूप घेऊन भट्टीवर जातात. भट्टीवाली त्यांच्यासमोर मळते, त्यांच्याच मालाची नानकटाई त्यांच्याच डब्यात भरून देते. दिवाळीत एस्तरबाईंच्या दारात डब्यांची रांग लागते, नाताळात केकच्या भांड्यांची. डब्यांवर नाव क्वचित असतं. कुणाचा डबा कुठला, ते एस्तरबाईंना आणि त्या बाईला माहीत असतं. तेवढं पुरतं.

जागेचे मालक किशोरशेठ. शेती सारंगखेड्याकडे, धंदा नवापुरात. इमारत त्यांच्या वडिलांनी घेतलेली. पुढे किशोरशेठनी सीएच्या सल्ल्याने कंपनी काढली आणि इमारत कंपनीच्या नावावर केली. त्यात काही गैर नाही. लोक करतात.

भट्टीवरचे पत्रे कुजले होते. पावसाचं पाणी घुमटावर गळायचं, माती सुटायला लागली होती. एस्तरबाई किशोरशेठकडे गेल्या. शेठ बाजारपेठेत दुकानाच्या ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मन्ही जागा थोडी शे आते? कंपनीनी शे. कंपनीले सांग."

एस्तरबाईंनी विचारलं, "कंपनी राहते कुठे?"

शेठनी पत्ता सांगितला. एस्तरबाई विचारत विचारत तिथे गेल्या. तो शेठचाच बंगला निघाला. फाटकावरच्या माणसाने विचारलं, "कोण पाहिजे?" त्या म्हणाल्या, "कंपनी पाहिजे." तो माणूस आत जाऊन आला आणि म्हणाला, "कंपनी घरी नाही."

हे त्यांनी मला माझ्या ऑफिसात खुर्चीच्या अगदी कडेवर बसून सांगितलं. मला हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वकीलताई, तीन वेळा गेले. तिसऱ्यांदा म्हणाला, कंपनी सुरतेला गेली."

मग मीही हसायची थांबले. कंपनीच्या नावाने दुरुस्तीची नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही.

त्याच सुमाराला शेठचा मुलगा सुरतेहून परत आला. तिथे तो मोबाइलच्या मोठ्या दुकानात कामाला होता, आता त्याला नवापुरात स्वतःचं दुकान टाकायचं होतं. भट्टीची जागा हमरस्त्याला लागून. शेठ स्वतः भट्टीवर आले. आले ते कंपनी बंगल्यात ठेवून आले असावेत, कारण त्या दिवशी त्यांच्या तोंडी तिचं नाव नव्हतं. "एस्तर, दिवाळीना पह्यले जागा खाली कर. मन्ही जागा शे, मन्हा पोऱ्याले पाहिजे."

त्या म्हणाल्या, "तुम्हीच बोललात ना, जागा तुमची नाही."

"जास्त कायदा नको शिकाडू."

मग शेठनी भट्टीचा नळ तोडला. कायद्यात हे बसत नाही. भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडून त्याला हुसकावता येत नाही, मग मालक माणूस असो की कंपनी. भाडेकरूला काढायचं असेल तर कोर्टाचा हुकूमच लागतो. पण हे सांगायला मी नंदुरबारला, नळ नवापूरला, आणि तोडायला एक पाना पुरतो.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी दुसऱ्या एका कामासाठी नवापूर कोर्टात होते. फोन वाजला. पलीकडून एस्तरबाईंचा आवाज नीट ऐकूच येईना, मागे बायांचा कालवा. मला एवढंच कळलं, "कुलूप... भट्टी पेटलेली आहे..." मी तशीच कोटासकट रिक्षात बसले.

झालं होतं असं. नळ तोडल्यामुळे एस्तरबाई कळश्या घेऊन कोपऱ्यावरच्या हापशावर गेल्या होत्या. भट्टीत नानकटाईचे ट्रे लावलेले. बाहेर बाया डबे मांडून बसलेल्या. तेवढ्यात शेठचा माणूस आला, शटर खाली ओढलं आणि कुलूप घातलं. मी पोहोचले तेव्हा शटरच्या खालून धूर येत होता. एक बाई शटरवर दोन्ही हातांनी मारत ओरडत होती, "ओ शेठ, मन्हं तूप शे मझार! गायनं तूप शे!"

शेठ समोर स्कूटरला टेकून उभे होते. एस्तरबाई ओल्या लुगड्याने रस्त्याच्या मधोमध. त्यांच्या कळश्या आडव्या पडल्या होत्या.

हवालदार आले. त्यांनी धूर पाहिला आणि दुकानासमोरचा दगड उचलला. शेठ पुढे झाले. "साहेब, तोडू नका. कंपनीनं कुलूप शे ते."

हवालदार म्हणाले, "मंग कंपनीले सांगा, चाबी लई ये. तोपावत मी तोडस." आणि त्यांनी तोडलं.

त्या हवालदारांचं नाव मला माहीत आहे, पण लिहीत नाही. त्यांची बदली व्हायला नको.

आत धूर कोंडला होता. ट्रेमधली नानकटाई कोळशासारखी काळी झाली होती. ती पाच-सहा घरांची दिवाळी होती. शेठ आत डोकावले, नाकाला रुमाल लावला आणि जाताना म्हणाले, "नुकसान झालं असेल तर कंपनीकडे मागा." अहिराणी सोडून शुद्ध मराठीत म्हणाले, वकीलबाई उभ्या होत्या म्हणून.

मी इतकी वर्षं वकिली करते. माझ्या अशिलांना मी पहिली गोष्ट सांगते, संताप घरी ठेवून या. त्या दिवशी माझा घरी राहिला नाही. मी रस्त्यात उभी राहून ओरडले. काय ओरडले ते इथे छापण्यासारखं नाही, आणि आईने ऐकलं असतं तर तिने मिरचीचेच हात माझ्या तोंडाला लावले असते. एस्तरबाईंनी माझा दंड धरला. "ताई, बास. घाणा पुन्हा लावायचा आहे." त्यांनी स्वतःच्या नाताळासाठी ठेवलेलं तूप काढलं आणि त्या बायांच्या नानकट्या पुन्हा मळल्या. मी त्यांना म्हटलं, एक काम करा, काही झालं तरी भट्टी सोडून बाहेर जाऊ नका. ज्याचा ताबा आहे त्याच्या बाजूने कायदा उभा राहतो. ताबा सुटला की तो परत मिळवायला आयुष्य जातं.

कोर्टाकडून आम्ही मनाई हुकूम आणला, नळ जोडून घेतला. मग शेठनी आपला दावा लावला.

तो त्यांनी वकिलाशिवाय लावला. बाजारात त्यांनी सांगितलं होतं, "मन्ही जागा, मन्हा भाडेकरू. वकील कसाले लागस?" आणि दावा लावला स्वतःच्या नावाने. न्यायाधीश तरुण होते, कोल्हापूरकडचे. त्यांनी कागद पाहिले आणि विचारलं, "जागा कंपनीची दिसते. तुम्ही कोण?"

"मी मालक."

"मालक कंपनी आहे."

"कंपनी म्हंजे मीच शे ना साहेब."

"कंपनी तुमची असेल. तुम्ही कंपनी नाही."

दावा काढून घ्यावा लागला. दुसरा लावला तो कंपनीच्या नावाने, सही शेठची. सही चालली. पण पुकारा झाल्यावर शेठ स्वतःच बोलायला उभे राहिले. साहेबांनी विचारलं, "कंपनीतर्फे वकील कोण?" शेठनी मागे वळून पाहिलं, जणू कंपनी मागच्या बाकावर बसली असावी. तिसऱ्या तारखेला त्यांनी वकील दिला.

वकील म्हणजे आमच्या बारमधले जुने, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो. हुशार माणूस. कोर्टाबाहेर चहा पिताना म्हणाले, "ताई, आता तुमचं कठीण आहे." ते खरं होतं. मालकाला जागेची खरी गरज असेल तर भाडेकरूला बाहेर जावं लागतं. पण इथे मालक कंपनी, तेव्हा गरज कंपनीची पाहिजे. संचालकाच्या मुलाची गरज ती कंपनीची गरज नव्हे. नानांनी तो सांधा नीट बुजवला होता. दाव्यात आणि शेठच्या प्रतिज्ञापत्रात त्यांनी लिहिलं, वादी कंपनीस स्वतःचा मोबाइल विक्रीचा व्यवसाय सुरू करावयाचा असल्याने सदर जागेची प्रामाणिक व निकडीची आवश्यकता आहे. मुलाचं नावच कुठे नाही. कागद असा गुळगुळीत की बोट कुठे अडकेना.

उलटतपासणीच्या दिवशी शेठ इस्त्रीचे कपडे घालून आले. मी मराठीत पहिले दोन-चार प्रश्न विचारले. प्रत्येक वेळी उत्तर आलं, "वादी कंपनीस सदर जागेची आवश्यकता आहे." नळ का तोडला? "वादी कंपनीस आवश्यकता आहे." कुलूप का घातलं? "आवश्यकता आहे." पाठ चोख होता. मला माझी शाळा आठवली. आम्हीही असंच पाठ करायचो, गुरुजींच्या भाषेत, आणि त्या भाषेत आम्हाला दुसरं काही सुचायचंच नाही. चुकायचं असेल तर माणूस आपल्या घरच्या भाषेत चुकतो.

मी विचारलं, "किशोरशेठ, तुमना आंडोर काय करस आजकाल?"

आंडोर म्हणजे मुलगा. नाना झटकन उठले. "साहेब, हरकत आहे. कोर्टाची भाषा मराठी आहे."

मी म्हटलं, "साक्षीदाराची भाषा अहिराणी आहे. नोंद मराठीतच होईल."

साहेब म्हणाले, "मला कळत नसेल तिथे विचारेन. चालू द्या."

शेठच्या चेहऱ्यावरची इस्त्री मोडली. ते हसले. "सुरतले व्हता. आते घर उना."

"मोबाईलना धंदानी चांगली माहिती शे म्हने त्याले?"

"भलतीच! सुरतना शेठ त्याले सोडाले तयार नव्हता."

"मंग आठे दुकान तोच टाकी?"

"तोच टाकी. दुसरा कोन?"

नाना खोकले. शेठना ऐकू गेलं नाही.

"पाटीवर नाव कोनं ऱ्हाई? कंपनीनं?"

इथे शेठ चक्क रागावले. आपल्या मुलाच्या दुकानावर भलत्याचंच नाव? "कंपनीनं कसाले? मन्हा आंडोरनं नाव ऱ्हाई. कंपनी काय, कागदवर शे ती. सीएनी करी दिधी."

नानांनी हातातली पेन्सिल फायलीवर ठेवली. साहेबांनी मला विचारून एकेक शब्द समजून घेतला आणि लेखनिकाला मजकूर सांगितला. "सदर दुकान माझ्या मुलाचे असेल. कंपनीचे नसेल. कंपनी केवळ कागदोपत्री आहे, हे म्हणणे खरे आहे."

शेठना अजून कळलं नव्हतं. पिंजऱ्यातून उतरताना ते नानांना म्हणाले, "बराबर बोलनू ना?"

दावा फेटाळला गेला. निकालात साहेबांनी लिहिलं की गरज आहे ती मालकाची नाही, आणि मालक आहे तिला गरज नाही. एस्तरबाईंनी मला पावाची अख्खी लादी आणून दिली, कागदात न गुंडाळता, गरमागरम. मी ती कोर्टातच वाटली. नानांनीही दोन खाल्ले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती दरवर्षी लोकांना हौसेने सांगितली असती. पण निकालानंतर थोड्याच दिवसांनी किशोरशेठ माझ्या ऑफिसात आले. हातात मिठाईचा खोका. "ताई, भारी डाव टाका तुम्ही. नंदुरबारलेबी मन्ही एक जागा शे. कंपनीनीच शे. भाडेकरू निंघत नही. आते मन्हा वकील तुम्हीच."

मी म्हटलं, "शेठ, उठा."

"उठस. फक्त एक सांगा. तठे मी काय बोलाले पाहिजे व्हतं?"

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. ज्या बाईची भट्टी त्यांनी पेटलेली असताना बंद केली, तिचं नावही त्यांच्या तोंडी नव्हतं. एक खेळ हरले होते, पुढच्या वेळी कसं खेळायचं ते विचारत होते. मी खोका उचलून दाराबाहेर ठेवला. ते हसत म्हणाले, "इतला संताप कसाले करी ऱ्हायनात ताई? धंदा शे."

ज्या पेटत्या भट्टीच्या जागेत माणूस असू शकलं असतं, तिला कुलूप घालणं हा धंदा. आणि मी संताप करते हा माझा दोष. गेली कित्येक वर्षं मी हे ऐकते आहे, वेगवेगळ्या तोंडून. जागेच्या मालकांना वकील लागतो का, हे मला शंभर जणांनी विचारलं असेल. त्या जागेत राहणाऱ्याला वकील लागतो का, त्याला तो मिळतो का, मिळाला तर तो संध्याकाळच्या आधी पोहोचतो का, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही.

शेठना उत्तर मी दिलं नाही. त्यांना ते दुसऱ्या कुणी दिलंच. माझ्या त्या उलटतपासणीची कीर्ती जिल्हाभर झाली, बारमध्ये कौतुक झालं, मीही चार दिवस ताठ चालले. आता साक्षीदारांना अहिराणीतूनच पढवतात. परवा शहाद्याला एका घरमालकाला मी अहिराणीत विचारलं, तर ब्राह्मणपुरीकडचा तो गडी माझ्याकडे बघून हसला आणि गोड अहिराणीत म्हणाला, "वादी कंपनीले जागानी गरज शे, ताई." आईच्या भाषेतही आता पाठांतर घुसलं. त्याचं मला फार वाईट वाटतं, जिंकल्याच्या आनंदापेक्षा जास्त.

आणि एस्तरबाईंवर नवा दावा आला आहे. या वेळी सुरुवातीपासून वकील आहे. नाना नाहीत, त्यांनी नको म्हटलं. एक तरुण वकील आहे, नवापूरचाच. ठराव व्यवस्थित, सह्या व्यवस्थित. कंपनीला आता मोबाइलचं दुकान नको आहे. कंपनीला स्वतःची बेकरी सुरू करायची आहे. म्हणून भट्टीसह जागा हवी आहे.

तो कागद वाचून मी नवापूरला गेले. दिवाळी तोंडावर होती, दारात डब्यांची रांग. एस्तरबाई पिठाच्या हातांनी ऐकत होत्या.

"म्हणजे मला काढून माझंच काम करणार?"

"कागदावर तसं आहे."

त्यांनी लांब दांड्याच्या फावड्याने एक ट्रे बाहेर ओढला, दुसरा आत सरकवला. मग रांगेकडे वळून म्हणाल्या, "बायांनो, पुढच्या वर्षी तूप कंपनीकडे द्याल का?"

रांगेतली पहिली बाई फटकळ होती. "कंपनीले कोन वळखस माय? मन्हं तूप बदलाई दिधं ते मी कोनं तोंड धरू?"

मागच्या बाया हसल्या. मी हसले नाही. माझ्या डोक्यातलं चक्र फिरायला लागलं होतं. जागा दिली नाही तर मालकाचं काय अडेल, आणि घेतली तर भाडेकरूचं काय जाईल, हे कोर्टाला तोलावं लागतं. त्या तराजूच्या आमच्या पारड्यात काय घालायचं, ते ही बाई एका वाक्यात बोलली होती: एस्तरबाईंवरचा भरवसा. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "हे कोर्टात येऊन सांगाल का?"

"काय?"

"हेच. आता बोललात ते."

तिने मला खालून वर पाहिलं. "येसू ना. भ्येस का काय मी? पन दिवाळी व्हऊ दे. आते घाणा लागेल शे."

तारखेला मी दिवाळीनंतरची मुदत मागितली. साहेब आता नवे आहेत. त्यांनी कंपनीच्या तरुण वकिलाकडे पाहिलं. "वादीची काही हरकत?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हरकत नाही, साहेब." त्याच्या आईचा डबा त्या रांगेत चौथा होता.